३१ डिसेंबर १९९९ची व्हीएचएस: कॅसेटला बुरशी, काय करावं?

खाजनवाट (डिचोली):
ई-१८० कॅसेट आहे. लेबलवर '३१ डिसें. ९९, मिलेनियम' एवढंच लिहिलंय. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. व्हीसीआर चालू स्थितीत आहे. आधी लावून बघू का? आणि आत कितीपासून कितीपर्यंतचं असेल, हे कसं ओळखायचं?

लोलक:
लावू नका! ते ठिपके म्हणजे बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणा ८०-९० टक्क्यांवर जातो, बंद कपाटात ती वाढतेच. व्हीसीआरमध्ये घातलीत की बीजाणू हेड ड्रमवर (फीत वाचणाऱ्या फिरत्या दंडगोलावर) बसतात आणि पुढची प्रत्येक कॅसेट नासते.

आधी वाळवा: हवाबंद डबा, सिलिका जेल, दोन आठवडे. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याची भुकटी फितीवर बसते. उन्हात तर मुळीच नको, फीत आणि कवच दोन्ही वाकतात. मग एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, कॅसेट उलटी धरून खालचे पाच स्क्रू काढा. सुलटी करून वरचं झाकण उचललं की लगेच फोटो काढा. रिळं अडवणारे दातेरी अडसर आणि त्यांची स्प्रिंग हमखास उडतात, आणि फीत कुठल्या खुंटीवरून जात होती ते नंतर आठवत नाही. रिळाच्या कडा धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने पुसा. उरलेल्या डागांना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापड फक्त ओलसर. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. रिळं दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवा (ती कुणाच्या लग्नाची नाही ना, बघून घ्या). शेवटी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. इतकी वर्षं पडून राहिलेल्या फितीचा ताण सारखा नसतो.

सेकंदकाटा:
बहुधा '२००० टुडे' असणार. बीबीसी आणि बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या वाहिनीच्या पुढाकाराने साठेक देशांतल्या वाहिन्यांनी मिळून केलेलं थेट प्रक्षेपण. भारतीय वेळेनुसार मध्यरात्री अशा: किरिबाटी दुपारी ३:३०, न्यूझीलंड ४:३०, सिडनी संध्याकाळी ६:३०, टोकियो रात्री ८:३०, बीजिंग ९:३०, मॉस्को मध्यरात्रीनंतर २:३०, पॅरिस पहाटे ४:३०, लंडन ५:३०, न्यूयॉर्क सकाळी १०:३०.

सिडनीची खूण सोपी: हार्बर ब्रिजवर वळणदार अक्षरांत उजळलेला 'इटर्निटी' शब्द. फसवणारं दृश्य म्हणजे न्यूझीलंडमधल्या गिस्बर्नचा सूर्योदय, 'किरी ते कानावा' या गायिकेचं गाणं चाललेलं. उजाडताना दिसलं म्हणून १ जानेवारीची सकाळ समजाल, पण तेव्हा आपल्याकडे ३१ तारखेच्या रात्रीचे दहा वाजून गेले होते.

ई-१८० म्हणजे एसपीत (नेहमीच्या वेगात) तीन तास, एलपीत (अर्ध्या वेगात) सहा. सिडनी आणि आपले बारा यांत साडेपाच तासांचं अंतर आहे. दोन्ही सलग मिळाले, तर रेकॉर्डिंग एलपीत आहे.

लोलक:
एलपी असेल तर ऑटो ट्रॅकिंग (हेड फितीवरच्या रेघांशी आपोआप जुळवणं) बंद करून हाताने लावा. दुसऱ्या मशीनवरची एलपी ऑटोवर बऱ्याचदा नीट जुळत नाही. आवाजात घरघर आली तर ऑडिओ हाय-फायवरून 'नॉर्मल'वर घ्या.

संगणकावर घेताना: पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) तसंच ठेवायचं, आवाज ४८ किलोहर्ट्झ. डीव्ही या डिजिटल फॉरमॅटमध्ये घेतलं तर तासाला सुमारे १३ जीबी. थेट एमपी४ करू नका, ते मागाहून. चित्राच्या तळाशी दिसणारी फाटकी पट्टी वाचन एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातानाची असते, तो बिघाड नव्हे. वरचा भाग वाकडा होत असेल तर मात्र टीबीसी (ओळींची वेळ सरळ करणारं उपकरण) हवा. तासाच्या फाइलमध्ये ९०,००० फ्रेम मोजून घ्या. स्वस्त यूएसबी डोंगल फ्रेम गाळतात आणि शेवटी ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे.

खाजनवाट (डिचोली):
साफ करून लावली. चित्र मधूनच जातं आणि निळा पडदा येतो. फीत गेली का?

लोलक:
नाही. सिग्नल क्षीण झाला की व्हीसीआर स्वतःच निळा पडदा टाकतो. मेनूत 'ब्लू बॅक' बंद करा, मुंग्यांसकट चित्र दिसेल. तरीही मुंग्याच मुंग्या राहिल्या तर हेड मळलंय: अल्कोहोलने ओला केलेला साबराच्या मऊ कातड्याचा (शॅमॉय) तुकडा ड्रमला टेकवून धरा आणि ड्रम हाताने आडवा फिरवा. तुकडा वर-खाली घासलात तर हेडचं टोक तुटेल. आणि कान साफ करायची कापसाची काडी वापरू नका.