मदत हवी आहे: आर्केडच्या मूळ लाइटगन पीसीला कशा जोडायच्या?

शिकागोचा_वारा
नमस्कार मंडळी. इथे शिकागोजवळचं एक जुनं आर्केड बंद झालं, तिथून दोन बंदुका घेतल्या. खऱ्या आर्केडमधल्या, चांगल्या जड. त्या पीसीवर मेममध्ये (जुने आर्केड गेम चालवणारा प्रोग्राम) चालवायच्या आहेत. प्रत्येकीतून वायरींचा जुडगा येतो आणि टोकाला पांढरा कनेक्टर आहे. कोणती केबल घ्यायची एवढंच सांगा. पुढच्या शनिवारी मुलाचे मित्र येणार आहेत, तोवर चालू व्हायला हवं. गूगल करून झालंय.

कॅथोड
अशी तयार केबल मिळत नाही. कोणत्या गेमच्या बंदुका आहेत आणि स्क्रीन कोणता, हे आधी सांगा. त्याशिवाय पुढे काही बोलता येणार नाही.

सोल्डर_सदाशिव
स्क्रीन एलसीडी असेल तर विसरा. खरी लाइटगन जुन्या सीआरटीवरच, म्हणजे काचेच्या नळीच्या जाड टीव्हीवरच चालते. टीव्हीच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत एकेक रेघ काढत खाली येतो, सेकंदाला साधारण ६० वेळा सगळा पडदा रंगवतो. झोत बंदुकीसमोर आला की बंदुकीच्या नळीतल्या फोटोडायोडला (उजेड ओळखणारा भाग) उजेड दिसतो, आणि त्या क्षणी झोत कुठल्या रेघेवर कुठे होता यावरून नेम कळतो. एलसीडीत झोतच नाही, शिवाय चित्र उशिरा येतं. एरिया ५१, लीथल एन्फोर्सर्स, या सगळ्या गेमचं असंच. २१ इंची सीआरटी शोधा.

पिक्सेलवेडी
सीआरटी आता मिळतो कुठे? सिंडेन नावाची बंदूक घ्या आणि मोकळे व्हा. तिच्यात कॅमेरा असतो, चित्राभोवती पांढरी चौकट काढायची, बंदूक ती चौकट बघून नेम ओळखते. मी दीड वर्ष एलईडी टीव्हीवर वापरतेय, एकदम मस्त.

आयआर_आबा
ती पांढरी चौकट डोळ्यांत खुपते हो. गनफोरआयआर बघा. टीव्हीभोवती चार इन्फ्रारेड एलईडी, बंदुकीत छोटा आयआर (इन्फ्रारेड) कॅमेरा आणि आर्डुइनो प्रो मायक्रो हा यूएसबीचा छोटा बोर्ड. जुन्या बंदुकीच्या कवचातच सगळं बसतं.

पिक्सेलवेडी
खिडकीतून ऊन आलं की तुमचा आयआर भरकटतो, आबा.

आयआर_आबा
पडदा ओढायचा. चौकट कशी ओढणार?

शिकागोचा_वारा
मला नवीन बंदूक घ्यायची नाहीये! ह्याच चालवायच्या आहेत. टीव्ही ५५ इंची एलईडी. गेमचं नाव कशाला लागतं ते कळलं नाही, पण टर्मिनेटर २ च्या आहेत. आता सांगा.

गोठ्यातली_गॅजेट्स
माझ्याकडे गनकॉन २ आहे, प्लेस्टेशन २ ची बंदूक. तिला यूएसबी असतेच. रास्पबेरी पाय (छोटा संगणक), लिनक्सचा ड्रायव्हर आणि सीआरटी, एवढ्यावर झकास चालते. व्हिडिओचा सिंक (चित्र आणि रेघ कधी सुरू होते ते सांगणारा सिग्नल) बंदुकीला द्यायला मात्र विसरू नका.

कॅथोड
सगळे जरा थांबा. गेमचं नाव यासाठीच विचारलं होतं. टर्मिनेटर २ (मिडवे, १९९१) च्या बंदुका लाइटगन नाहीतच. त्या कॅबिनेटवर खिळलेल्या असतात, खाली बूड असतं आणि बंदूक त्यावर फिरते. आडव्या हालचालीला एक पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग, थोडक्यात पॉट), उभ्या हालचालीला दुसरा. बंदूक पडद्याकडे बघतच नाही, स्वतः कुठे वळली आहे तेवढंच सांगते. टाइटोच्या ऑपरेशन वुल्फची (१९८७) बंदूकही अशीच. म्हणून वर जे सीआरटी, सिंडेन, आयआर चाललंय त्यातलं काहीही तुम्हाला लागणार नाही, आणि एलईडी टीव्हीही चालेल. बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी भिंग आहे का? बूड आहे का?

शिकागोचा_वारा
भिंग नाही. बूड आहे, लोखंडी. टेबलावर धड उभं राहत नाही. आतल्या वायरी कापून थेट यूएसबीला जोडू का?

मूळरूप
कापू नका, कृपा करा! या बंदुका आता कोणी बनवत नाही. मूळ कनेक्टरला बसणारा जोडीदार कनेक्टर घ्या, त्याच्या वायरी प्रो मायक्रोसारख्या बोर्डाला जोडा. उद्या कोणी मूळ कॅबिनेट दुरुस्त करत असेल तर बंदूक जशीच्या तशी देता येईल. मी हे कळकळीने सांगतोय, कारण एकदा कापलेला हार्नेस (वायरींचा जुडगा) परत मूळचा होत नाही.

सोल्डर_सदाशिव
मूळरूपशी सहमत. आता कृती. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. पॉटला तीन टोकं असतात. कडेच्या दोन टोकांमधला रोध बंदूक हलवली तरी बदलत नाही, मधल्या टोकाशी मोजलेला हळूहळू बदलतो. मध्येच आकडा उड्या मारत असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा आणि बंदूक भरपूर वेळा इकडून तिकडे फिरवा. मग कडेची टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं टोक प्रो मायक्रोच्या ॲनालॉग पिनला. ट्रिगर आणि बाजूचं बटण डिजिटल पिनला, दुसरी बाजू ग्राउंडला, पिनचा आतला पुलअप (बटण सुटलेलं असताना पिन ५ व्होल्टला धरणारा रोध) चालू. बोर्ड पीसीला जॉयस्टिक म्हणून दिसतो. प्रो मायक्रोवर ए० ते ए३ अशा चार ॲनालॉग पिना आहेत, म्हणजे एका बोर्डात दोन्ही बंदुका.

कॅथोड
एका बंदुकीला एक बोर्ड ठेवा असं माझं मत. शनिवारी एक बिघडली तर दुसरी तरी चालेल.

सोल्डर_सदाशिव
दोन बोर्ड लावले की विंडोज कधीतरी क्रम बदलतं आणि पहिल्याची बंदूक दुसऱ्याचा नेम हलवते. एकाच बोर्डातून दोन जॉयस्टिक दाखवा, कटकट मिटते.

कॅथोड
दोन बोर्डांना वेगळी नावं दिली की मेममध्ये कोणती कुणाची ते पक्कं करता येतं. पण ठीक, शनिवार जवळ आहे, एकच घ्या.

नव्वदीतला_नंदू
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडे पूर्वी टीव्ही गेम होता, काडतुसं घालायचा, बदकं मारायची बंदूक होती. नवीन टीव्हीला लावला तर गेम चालतो पण एकही बदक पडत नाही. बंदूक खराब झाली असेल का?

सोल्डर_सदाशिव
बंदूक चांगलीच असेल. ट्रिगर दाबला की पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड शोधते. नवीन टीव्हीवर तो चौकोन उशिरा पोचतो, शिवाय सीआरटीसारखा लुकलुकत नाही. जुना टीव्ही शोधा.

शिकागोचा_वारा
बदकांचा वेगळा धागा काढा ना. माझं अडलंय. वायरी जोडल्या, जॉयस्टिक दिसतेय, पण रीडिंग, म्हणजे बोर्ड देतो तो पॉटचा आकडा, पूर्ण ० ते १०२३ येत नाही. मधलेच आकडे येतात आणि नेम पडद्याच्या मध्यभागीच घुटमळतो. वर उचलली की नेम खाली जातो. बंदूक मारताना जो झटका देते तोही येत नाही.

कॅथोड
आकडे मधलेच येणार. पॉटचा फेर मोठा, बंदूक फिरते थोडीच. प्रत्येक दिशेचा सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा टिपा, तेवढाच पट्टा प्रोग्राममध्ये पूर्ण ताणा. मूळ गेम २५६ पायऱ्यांवर चालत होता, तेव्हा अर्धा पट्टा मिळाला तरी भरपूर. उलटा नेम तिथेच फिरवा किंवा मेमच्या ॲनालॉग सेटिंगमध्ये उलट करा. मग एफ२ दाबून गेमच्या सर्व्हिस मेन्यूत जा आणि बंदुकीचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे नेम चित्राशी जुळवा. गेमचं चित्र चार बाय तीन, तुमचा टीव्ही रुंद. कॅलिब्रेशन टीव्हीच्या काठाला धरून करू नका, चित्राच्या काठाला धरून करा.

आणि त्याआधी बूड प्लायवूडच्या जाड फळीला बोल्टने आवळा, फळी टेबलाला क्लॅम्प करा. नंतर फळी हलली की सगळं कॅलिब्रेशन गेलं. मुलं जोर लावतात.

सोल्डर_सदाशिव
झटक्यासाठी आत सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ओढणारी कॉइल) आहे. तो बोर्डाच्या पिनला थेट लावला तर बोर्ड जळेल. वेगळा पॉवर सप्लाय, मध्ये लॉजिक लेव्हलचा मॉस्फेट (बोर्डाच्या पिनने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ चालेल. दोन्हींचं ग्राउंड एकत्र. व्होल्टेज कॉइलच्या लेबलवर बघूनच द्या. मेम या गेमसाठी झटक्याचा सिग्नल बाहेर देतं, मेमहूकर हा प्रोग्राम तो पकडून बोर्डाला पाठवतो. पण शनिवारच्या घाईत सोलेनॉइडच्या वाटेला जाऊ नका, घरात मुलं असणार.

शिकागोचा_वारा
फळीला आवळली. पट्टा ताणला. डावी बंदूक अगदी नीट चालतेय, कोपऱ्यापर्यंत नेम जातो! उजवीचा उभा नेम थरथरतोय, क्लीनर उद्या येईल. झटका पुढच्या महिन्यात. कनेक्टर कापला नाही, मूळरूप. सगळ्यांचे मनापासून आभार.

मूळरूप
तुमचेच आभार! सोलेनॉइडच्या वेळी बंदुकीच्या आतले फोटो नक्की टाका, वायरींचे रंग दिसतील असे. बऱ्याच जणांना उपयोग होईल.

आयआर_आबा
पिक्सेलवेडी, चौकट पातळ करता येते का हो? एकदा बघावं म्हणतोय.