शोरूमचा पार्ट: पैसे मालाचे की खोक्याचे?

स्टेपनी

परवा पुढचे ब्रेक पॅड बदलले. मेकॅनिकला आधीच सांगून ठेवलं होतं, जुने फेकू नका, मला द्या. ते मागच्या वेळी सर्व्हिस सेंटरमध्ये टाकलेले, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातले. नवे मी बाहेर स्पेअरच्या दुकानातून आणले होते, पॅड बनवणाऱ्याच्याच नावाच्या खोक्यात. बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. मागची लोखंडी पट्टी, तिच्या कडेचे खाचे, आवाज होऊ नये म्हणून लावलेली पातळ शिम, पॅड संपत आला की डिस्कला घासून किंचाळणारी पत्र्याची जीभ, सगळं जुळ्या भावंडांसारखं. जुन्या पट्टीवर दोन छाप होते, एक गाडीच्या कंपनीचा आणि एक पॅड बनवणाऱ्याचा. नव्या पट्टीवर फक्त दुसरा. पहिल्याच्या जागी खरवडल्याची चकचकीत खूण.

म्हणजे माल तोच, फक्त छाप खरवडला. आणि हा जोड मला शोरूमच्या निम्म्याहून कमी पैशांत पडला.

गाडीची कंपनी इंजिन ओतते, पत्रा दाबते, सगळं जोडते. बाकी बरंचसं सामान बाहेरून येतं. इंजेक्टर बॉशचे, एसीचा कॉम्प्रेसर डेन्सोचा, फिल्टर मान-हुमेल किंवा माहलेचे, बेअरिंग एसकेएफचं, असं कुठल्याही गाडीत सापडेल. हेच लोक तोच माल स्वतःच्या खोक्यातही विकतात. मग वॉरंटी संपल्यावरही शोरूमच्या काउंटरवर जाऊन उभं राहणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं माझं स्पष्ट मत झालंय. अपवाद मला दोनच सुचतात, एअरबॅग आणि इमोबिलायझरची (चोराला गाडी सुरू करू न देणारी) चावी. पटत नसेल तर भांडा.

काउंटरवरचा

भांडतो. डीलरच्या पार्ट काउंटरवर नऊ वर्षं काढली आहेत. आता त्या धंद्यात नाही, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागतोय असं समजू नका.

तुमची खरवडलेली खूण हा त्या एका जोडाचा पुरावा आहे. तो बहुधा खरंच तोच माल असेल. पण एका कारखान्यातून निघालं म्हणजे एकच वस्तू, हे धरून चालू नका. पॅडमध्ये पट्टी महत्त्वाची नसते, तिच्यावर चिकटवलेलं घर्षणाचं मिश्रण महत्त्वाचं. एकच कारखाना गाडीच्या कंपनीला तिने ठरवून दिलेलं मिश्रण देतो आणि खुल्या बाजारासाठी वेगळं, स्वस्तातलं मिश्रणही दाबतो. पट्टी तीच, साचा तोच. डोळ्याला फरक दिसणारच नाही.

दुसरं म्हणजे चेसिस नंबर. ही सतरा अंक-अक्षरांची ओळ आहे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं तिच्यात नसतात, कारण एक आणि शून्याशी गल्लत होते. ही ओळ काउंटरवर टाकली की नेमकी तुमच्या गाडीची यादी उघडते. त्याच मॉडेलला, त्याच साली, दोन मापांच्या डिस्क बसवलेल्या असतात. पार्टमध्ये सुधारणा झाली की बऱ्याचदा पार्ट नंबरच्या शेवटचं अक्षर बदलतं आणि जुना नंबर मागितला तरी नवा पार्ट मिळतो. दुकानातल्या फळीवर मात्र तीन वर्षांपूर्वीचा, सुधारणेआधीचा डबा पडलेला असू शकतो. दुकानदार 'या मॉडेलला हेच लागतं' म्हणतो आणि दहातल्या आठ वेळा बरोबर असतो. उरलेल्या दोन वेळा गाडी जॅकवर आणि तुम्ही रिक्षात.

किंमत जास्त का, तर पंधरा वर्षांत कुणी दोनदाच मागेल अशी दाराची बिजागरीसुद्धा कुणाला तरी गोदामात सांभाळावी लागते. फिल्टरवर कमावलेल्या पैशांत तिचं भाडं निघतं.

आता कबुली. वायपर ब्लेड, बल्ब, बॅटरी, एअर फिल्टर यांवर आम्ही अक्षरशः लुटायचो. तिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

उलटा_पाना

मिश्रणाचा मुद्दा बरोबर, पण तो अर्धाच सांगितलात. युरोपात बदली पॅडसाठी आर-९० नावाचा नियम आहे. पॅडलवर सारखाच जोर दिला तर बदली पॅडचं ब्रेकिंग मूळ पॅडच्या पंधरा टक्के वरखाली, याच मर्यादेत असलं पाहिजे. पास झालेल्या पॅडच्या पट्टीवर वर्तुळात ई अक्षर, त्यापुढे मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा (१ जर्मनी, २ फ्रान्स, ११ ब्रिटन) आणि पुढे ९०आर असा नंबर ठोकलेला असतो. पट्टी उलटी करून बघायला अर्धं मिनिट पुरतं. हा ठसा असलेला बाहेरचा पॅड मी डोळे मिटून घेईन.

काउंटरवरचा

डोळे मिटून नका घेऊ. ठसा छापायला साचाच लागतो आणि नकली माल बनवणाऱ्याकडेही साचा असतो. शिवाय पंधरा टक्के वरखाली हे तुम्हाला किरकोळ वाटतं?

उलटा_पाना

नकली खोकी शोरूमच्या नावाचीच जास्त निघतात हो. ज्या नावाला किंमत असते त्याचीच नक्कल होते. माझं म्हणणं एवढंच, की बाहेरचं म्हणजे बेवारस असं नाही.

रिव्हर्सगिअर

माझी हौस सांगतो. मागच्या चाकाचं बेअरिंग घूं घूं करत होतं. शोरूमचा भाव ऐकून बाहेर पडलो आणि सगळ्यात स्वस्त जे मिळालं ते घेतलं. खोक्यावर नाव होतं, पण ते नाव त्याआधी आणि त्यानंतर मी कुठेही पाहिलेलं नाही. मेकॅनिकने प्रेसवर जुनं काढलं, नवं बसवलं. आवाज गेला. घरी निघालो तर एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा.

तेव्हा कळलं की त्या बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्ये चुंबकाची कडी असते. एकाआड एक उत्तर-दक्षिण ध्रुव, दिसत काहीच नाहीत. समोरचा सेन्सर तीच कडी वाचून चाकाचा वेग सांगतो. माझ्या बेअरिंगची कडी कमजोर होती. आधी सेन्सरवर संशय, म्हणून सेन्सर बदलला. मग पुन्हा हब बाहेर, पुन्हा प्रेस, आणि या खेपेला नावाजलेल्या कंपनीचं बेअरिंग. मजुरी दोनदा, सेन्सर फुकट गेला तो वेगळाच. शोरूमचं घेतलं असतं तर स्वस्तात सुटलो असतो.

स्टेपनी

वाईट वाटलं, पण हा शोरूम विरुद्ध बाहेर असा मुद्दाच नाही. तुम्ही शेवटी जे बसवलंत तेही बाहेरचंच ना? मी नावाजलेल्या सप्लायरच्या खोक्याबद्दल बोलतोय, बिननावाच्या मालाबद्दल नाही.

आणि ओरिजिनलचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग ओरिजिनलच होत्या. कारखान्यातून, नव्या गाडीत, गाडीच्या कंपनीनेच बसवलेल्या. आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णतेत आणि दमटपणात बिघडत गेलं आणि फुगा फुगवणारा धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे माणसांना लागले. माणसं दगावली. जगभरातून कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. खोक्यावरच्या नावाने काय वाचवलं?

काउंटरवरचा

हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. कुठल्या गाडीत कुठला डबा बसलाय हे चेसिस नंबरवरून शोधता आलं म्हणूनच त्या गाड्या परत बोलवता आल्या, आणि डीलरकडे तो फुकट बदलून मिळाला. तीच एअरबॅग भंगारातल्या गाडीतून निघून दुसऱ्या गाडीत गेली असेल तर तिला कोण शोधणार? मालकाने नंबर टाकून पाहिला तरी यादी म्हणणार, सगळं ठीक आहे.

स्टेपनी

एअरबॅग मी अपवादात घातली होती, पहिल्याच पोस्टमध्ये. पण हा कोन डोक्यात आला नव्हता. मान्य.

हेडलाइट

तुमचं घर्षण आणि चुंबक चालू द्या. माझी तक्रार किमतीची नाहीच, सुटा पार्ट न देण्याची आहे. पार्किंगमध्ये कुणीतरी बारीक ठोकलं. दिव्याची काच शाबूत, आतलं सगळं शाबूत, फक्त दिवा बॉडीला धरून ठेवणारा प्लास्टिकचा कान तुटला. बोटाच्या पेराएवढा. सर्व्हिस सेंटर म्हणे, कान वेगळा येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या. लोअर आर्मचंही (चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा) तेच. खराब असतो रबराचा बुश, बदलायला सांगतात अख्खा आर्म. बाहेरच्या गॅरेजमध्ये प्रेसवर जुना बुश दाबून काढतात, नवा दाबून बसवतात, तासाभराचं काम. आरसा फुटला तर काच न देता मोटरसकट आरसा. ही लूट नाही तर काय?

उलटा_पाना

+१. असेंब्ली हाच खरा धंदा आहे.

काउंटरवरचा

दिव्याच्या कानासाठी काही कंपन्यांचा दुरुस्ती किट येतो. ब्रॅकेट आणि स्क्रू, त्याला वेगळा पार्ट नंबर असतो. सगळ्या मॉडेलना नाही. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हेही खरं. आम्हीही सांगायचो नाही. पुढच्या वेळी काउंटरवरच्या माणसाला सांगा की स्क्रीनवरचं चित्र माझ्याकडे फिरव. सुट्या भागांचं चित्र असतं, प्रत्येकाला आकडा. ज्याला वेगळा नंबर आहे तो सुटा मिळतो.

बुशबद्दल मात्र एक सांगतो. सोबत बॉल जॉइंटही (आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) ढिला असेल आणि तो आर्मला रिव्हेट केलेला असेल तर पूर्ण आर्मच परवडतो. नुसत्या बुशसाठी आर्म घेऊ नका.

धूर

मधेच विचारतो. माझी गाडी वॉरंटीत आहे. बाहेरचा ऑइल फिल्टर लावला तर वॉरंटी जाईल असं सर्व्हिस सेंटरने सांगितलंय. खरं का?

उलटा_पाना

तुमच्या देशाचा कायदा बघा, पण हे वाक्य बऱ्याच ठिकाणी नुसती धमकी असते. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. आमचाच पार्ट वापरला तरच वॉरंटी, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही, पार्ट फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघात २०१० चा ४६१ क्रमांकाचा नियम आहे. सप्लायरने स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग विकू नयेत किंवा मालावर स्वतःचा छाप दिसू देऊ नये, असं बंधन गाडीची कंपनी घालू शकत नाही. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना दंड ठोकला तो याच भांडणातून, ओरिजिनल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत म्हणून.

काउंटरवरचा

कायदा बरोबर. पण बाहेरच्या फिल्टरमुळेच इंजिन बिघडलं असं दिसलं तर ते बिल कंपनी भरणार नाही, आणि ते कुठेही चालतं. इंजिन बंद केल्यावर तेल फिल्टरमध्येच राहावं म्हणून आत रबराची झडप असते. स्वस्तातल्या फिल्टरची झडप कडक होते, तेल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट करताना दोन सेकंद खडखड ऐकू येते. रोज दोन सेकंद इंजिन कोरडं. वॉरंटी असेपर्यंत फिल्टरवर वाचवू नका. पावती मिळते, वाद मिटतो.

जुनाट_पण_धावती

तुम्ही सगळे नव्या गाड्यांवाले दिसता. माझी गाडी एकवीस वर्षांची. शोरूममध्ये नंबर टाकला की स्क्रीनवर एकच उत्तर, उत्पादन बंद. महाग की स्वस्त हा प्रश्नच मिटला! दार, काच, सीट, हँडल, डॅशबोर्डचं प्लास्टिक, सगळं भंगारातून आणतो आणि मजेत आहे. रबर, सीट बेल्ट आणि एअरबॅग तिथून आणत नाही. स्टार्टर आणि आल्टरनेटर रिमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे जुनेच दुरुस्त करून नव्यासारखे केलेले, मिळतात, जुना परत दिला की अनामत सुटते. टायर नवे घेतले तरी कडेचे चार आकडे वाचतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शोरूमनेही मला एकदा चार वर्षं पडून असलेला टायर 'नवा' म्हणून दाखवला होता.

स्टेपनी

आता माझी परीक्षा. पुढच्या महिन्यात टायमिंग बेल्टची (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) मुदत भरतेय. तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हना धडकणार, म्हणजे इंजिनच खोलावं लागणार. मी सप्लायरच्या खोक्यातलं किट घ्यायचं ठरवलंय. काउंटरवरचे, तुम्ही काय केलं असतंत? खरं सांगा.

काउंटरवरचा

तुम्ही म्हणता तेच. नावाजलेल्या सप्लायरचं किट, बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला ताण आणि वाट देणाऱ्या पुल्या) एकत्र असलेलं. बेल्टवर फिरणारा वॉटर पंप असेल तर तोही आत्ताच बदला. तिथवर पोचायला सगळं उघडावंच लागतं, दोनदा मजुरी कशाला. पण क्रँक पुलीचा बोल्ट पुष्कळ इंजिनांत ताण देऊन आवळायचा असतो, एकदाच वापरायचा. किटमध्ये तो बऱ्याचदा नसतो. मेकॅनिक जुनाच परत आवळतो. तो तेवढा शोरूममधून आणा.

स्टेपनी

म्हणजे शोरूमची पायरी चढायचीच!

काउंटरवरचा

एका बोल्टापुरती. चेसिस नंबर लिहून न्या, नाहीतर दोनदा चढावी लागेल.