कॅनडात पहिल्यांदा उतरताना दागिन्यांची यादी: अंगावरचं आणि मागे ठेवलेलंही लिहायचं का?

निघायची_तयारी:
आमचं पीआर (कॅनडात कायम राहायची परवानगी) आलं. ११ एप्रिलला आम्ही दोघं टोरांटोला उतरतोय. कपडे, पुस्तकं, भांडी यांची तिथल्या कस्टम्सला द्यायची यादी एका संध्याकाळी झाली, पण दागिन्यांपाशी चार दिवस अडकून बसले आहे.

रोजच्या दोन बांगड्या आणि अंगठी अंगावरच असतील. १४ फेब्रुवारीला आमचं लग्न झालं, त्यात आईने दिलेला हार आहे. तो मी अजून एकदाही घातलेला नाही. आजीच्या पाटल्या सध्या आईकडेच राहतील, दोनतीन वर्षांनी येईन तेव्हा नेईन. शिवाय सासूबाईंनी कुड्यांचा एक जोड नणंदेला द्यायला दिलाय, ती तिकडेच असते.

अंगावरचंही लिहायचं का? पाटल्यांची पावती मी कुठून आणू? आजी असती तर तिलाही सांगता आलं नसतं. आणि १०,००० डॉलरच्या वर गेलं की कर बसतो असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. सगळं मिळून आमचं तेवढं सहज होतं. रात्री हेच डोक्यात फिरत राहतं.

उंबरठा:
आधी त्या १०,००० ची काळजी सोडा. तो आकडा पैशांचा आहे. रोख, बँक ड्राफ्ट, चेक मिळून १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त जवळ असतील तर ते सांगावं लागतं. सांगितलं म्हणून कर लागत नाही, लपवलं तर मात्र जप्ती येते. दागिन्यांची किंमत त्यात मिळवायची नाही. दागिने सामानाच्या यादीत जातात.

सातवा_हिवाळा:
ताई, अंगावरचं लिहाच, पण त्याहून महत्त्वाच्या आईकडे राहणाऱ्या पाटल्या आहेत. माझं तिथेच चुकलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उतरले तेव्हा बॅगेतली प्रत्येक वस्तू लिहिली होती, अगदी इस्त्रीसुद्धा. मला वाटायचं, यादी म्हणजे बरोबर आणलेलं. अधिकाऱ्याने विचारलं, मागाहून काही येणार आहे का? मी प्रवासाने थकलेली, पटकन ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. आजीची मोहनमाळ आईच्या कपाटात आहे हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही.

तीन वर्षांनी माहेरून परत येताना ती घेऊन आले. विमानतळावर स्वतःहून सांगितली. त्यांनी पहिल्या वेळचा कागद मागितला, तो वरपासून खालपर्यंत वाचला. माळ त्यात नव्हती. प्रवासाची ८०० डॉलरची सूट वजा करून उरलेल्या किमतीवर कर घेतला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पैसे गेल्याचं दुःख विसरले, पण आजीने पन्नास वर्षं गळ्यात घातलेली माळ बाजारातून आणलेल्या वस्तूसारखी नोंदली गेली, ते अजून लागतं.

म्हणून दोन याद्या करा, प्रत्येकीच्या दोन प्रती. एक बरोबर आणलेल्या सामानाची, दुसरी मागाहून येणाऱ्याची. पाटल्या दुसरीत. त्यावरून अधिकारी बीएसएफ १८६ हा फॉर्म करतात (जुने लोक त्याला बी४ म्हणतात), आधी भरून नेलात तर रांगेत वेळ वाचतो. त्याची एक प्रत तुम्हाला मिळते. ती पासपोर्टाइतकी जपा, पाटल्या आणाल तेव्हा तीच दाखवायची आहे.

पावती नसेल तर सोनाराकडून मूल्यांकन करून घ्या. दागिन्यांचे फोटो काढा आणि त्यावर त्याची सही, तारीख घ्या. वर्णन मात्र स्वतः बसून लिहा. ‘सोन्याच्या पाटल्या, नग दोन’ एवढ्याने कुठली पाटली ते कसं कळणार? पाटल्या हातात घेऊन बघा. कुठे पोचा आहे, कुठली नक्षी झिजली, आत सोनाराचा ठसा आहे का. तेच लिहा.

हाराबद्दल: राहायला येणाऱ्याच्या सामानाला करात सवलत मिळते, पण नियम असा की वस्तू येण्याआधी तुमच्या मालकीची, ताब्यात आणि वापरलेली हवी. लग्नाच्या भेटींना वापराची अट नाही, पण लग्न कॅनडात येण्याआधीच्या तीन महिन्यांतलं हवं. तुमचं बसतं.

कुड्या तुमच्या नाहीत, त्या तुमच्या यादीत घालू नका. भेट म्हणून वेगळ्या सांगा, पावती जवळ ठेवा, कर लागला तर भरा. आपल्या सवलतीत आलेली वस्तू बारा महिन्यांच्या आत विकली किंवा देऊन टाकली तर तिच्यावर कर द्यावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

निघायची_तयारी:
ताई, तुमची माळ वाचून लगेच आईला फोन केला.

एक शंका आहे. ह्यांना ऑफिसमधून लवकर सोडलं नाही तर निघणं मेअखेरीस जाईल. मग हाराचं काय?

सातवा_हिवाळा:
मग १४ मेला तीन महिने उलटतात आणि तो लग्नाची भेट म्हणून बसत नाही. निघण्याआधी घाला. दागिना आहे, घडीत ठेवायला थोडाच दिलाय आईने!

उंबरठा:
आणि सगळे दागिने हातातल्या बॅगेत ठेवा, मूल्यांकनाचे कागद आणि फोटोही तिथेच. चेक-इन बॅग मागे राहिली तर काउंटरवर यादी असेल आणि दाखवायला काही नसेल. ज्या देशातून निघताय तिथल्या कस्टम्सचे सोनं बाहेर नेण्याचे नियम वेगळे असतात, तेही आधीच बघून घ्या.

निघायची_तयारी:
काल आईकडे जाऊन आले. पाटल्या काळ्या कापडावर ठेवून उजेडात फोटो काढले. इतकी वर्षं बघतेय, पण एकीची कडा आतून दबलेली आहे हे मला माहीतच नव्हतं. आई म्हणाली, आजी जात्यावर बसायची, खुंटा लागून लागून ती तशी झाली. मागाहून येणाऱ्या सामानाच्या यादीत पहिल्या ओळीत लिहिलंय: सोन्याच्या पाटल्या, नग दोन, वेलीची नक्षी झिजलेली, एकीची कडा आतल्या बाजूने दबलेली. उद्या सोनाराकडे सहीला जातेय. हार घालूनच जाणार आहे.