चल्लस-आठ मोबाइलवर आणायचाय: चिंचोक्यांचं दान कसं पाडावं?

ओसरीवरची
सुट्टीच्या दिवशी गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चल्लस-आठ हा पटावरचा सोंगट्यांचा खेळ बनवतेय. पट झालाय: पाच बाय पाच घरं, चारही कडांच्या मधल्या घरांत फुल्या, म्हणजे सोंगटी मारता येत नाही अशी घरं. बाहेरच्या रांगेतून फेरा मारायचा, आतल्या रांगेत उलटं वळायचं आणि मधल्या घरात पोचायचं.

अडलंय ते दानाशी. चार अर्धे चिंचोके टाकायचे, पांढऱ्या बाजू मोजायच्या. चारही पांढरे तर चार, चारही तपकिरी तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं. कोडमध्ये १, २, ३, ४, ८ यांतून कुठलाही आकडा उचलणं सोपं. मित्र म्हणतो, तेच कर, मोठी दानं पडली की पोरांना मजा येईल. पण आजीकडे आठ पडला की अख्खी ओसरी ओरडायची. मित्राचं ऐकलं तर आठ इतक्यांदा येतो की कुणी मान वर करत नाही. मला तो खरा खेळ हवाय. काय करू?

गणिताचा मास्तर
मित्राचं अजिबात ऐकू नका! प्रत्येक चिंचोक्यासाठी शून्य किंवा एक वेगळा काढा आणि बेरीज करा. शून्य आलं तर आठ. मग १६ शक्यतांपैकी एक ४ वेळा, दोन ६ वेळा, तीन ४ वेळा, चार आणि आठ फक्त एकेकदा. पुन्हा टाकायची संधी १६ पैकी २ दानांना. पाच आकडे सारखे धरले तर तीच ५ पैकी २ होते. त्या जादा टाकण्या धरून एका पाळीत सरासरी ६ घरं सरकाल. चिंचोक्यांनी तीनही नाही. खेळ दुपटीहून जास्त वेगाने संपेल.

वेगापेक्षाही मोठं नुकसान डावपेचांचं आहे. चिंचोक्यांत दोन सगळ्यात जास्त पडतात, म्हणून शत्रूच्या दोन घरं पुढे सोंगटी उघडी ठेवायला जीव धजत नाही. फुलीत शिरायचं की पळायचं, हा विचार त्या भीतीतूनच येतो. पाच आकडे सारखे केलेत की ती भीतीच गेली.

चिंचेखाली
मास्तर, चिंचोका म्हणजे नाणं नव्हे. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, शिवाय कुणी दगडावर किती घासलाय त्यावरही पडणं बदलतं. पांढरी बाजू शंभरात ५० ऐवजी ४५ वेळा वर आली, तरी आठ हा चाराच्या दुपटीहून जास्त वेळा पडतो. ओसरीताई, घरचे चिंचोके असतील तर टाकून नोंदी करा आणि तीच टक्केवारी कोडमध्ये घाला.

ओसरीवरची
आजीचे चिंचोके डब्यात आहेत अजून! मोजणार. थ्रीडीत खरेच पडू दिले तर?

चिंचेखाली
साध्या फोनवर ते जड जाईल. निकाल आधी ठरवा, मग चिंचोके पडताना दाखवा. फक्त चारही एकदम थांबवू नका. तीन तपकिरी पडलेत आणि चौथा अजून गिरक्या घेतोय, तेवढा वेळ द्या. ओसरी तिथेच ओरडते.

आणि एक: सोंगटी मारल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम सगळीकडे नसतो. तो सेटिंगमध्ये ठेवा.