मिलेनियल, जेन झी हे गट आपल्या सर्वेक्षणात चालतील का?

पश्चिमवारा: प्रकल्पासाठी सातारा आणि पुणे जिल्ह्यांत २०० जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आहे. 'तरुण पिढी एका नोकरीत टिकत नाही' हा समज तपासायचा आहे. गट असे पाडलेत: बूमर (१९४६–६४), जेन एक्स (१९६५–८०), मिलेनियल (१९८१–९६), जेन झी (१९९७–२०१२). बरोबर आहे का?

खानेसुमारी: यातला बूमर हा एकच गट जन्मांच्या आकड्यांवरून पडला, तोही अमेरिकेतल्या. तिथे १९४६ मध्ये जन्म एकदम वाढले आणि १९६४ नंतर वर्षाला ४० लाखांच्या खाली आले. आपल्याकडे १९६४ ला असं काहीच घडलं नाही. मिलेनियल १९९६ ला संपवायचे हे प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेनं २०१८ मध्ये ठरवलं, आणि २०२३ मध्ये त्यांनीच ही नावं जपून वापरणार असल्याचं जाहीर केलं.

जन्मवर्ष विचारा. पाच-पाच वर्षांचे गट नंतर हवे तसे जोडता येतात. शिवाय २०० जणांचे चार गट म्हणजे प्रत्येकी ५०, तिथेच गटाच्या कुठल्याही टक्केवारीत चूक साधारण १४ टक्के इकडे-तिकडे. त्यात जिल्हा आणि स्त्री-पुरुष असे भाग पाडलेत की एका खणात जेमतेम बारा माणसं उरतात. दोनच गट ठेवा.

आडवा_छेद: त्याहून मोठी गोची पुढेच आहे. पंचविशीतल्या आणि पंचावन्नच्या माणसाला एकाच वर्षी विचारलंत, तर फरक वयाचा की पिढीचा हे कळणारच नाही. वय म्हणजे सर्वेक्षणाचं वर्ष वजा जन्मवर्ष. दोन ठरली की तिसरं ठरलंच. कुठलंही सॉफ्टवेअर यातून सोडवत नाही. पंचविशीत घराचा हप्ता नसतो, मुलांची फी नसते, त्यामुळे नोकरी सोडणं परवडतं. आजचे पंचावन्नचे पंचविशीत होते, तेव्हाही हे तसंच होतं.

म्हणून मत विचारू नका. 'वयाच्या २० ते २५ मध्ये कुठे कुठे काम केलंत, प्रत्येक ठिकाणी किती महिने?' हे सगळ्यांना विचारा. पंचविशी पूर्ण न झालेले या तुलनेत घेऊ नका, त्यांच्या नोकऱ्या अजून मोजून व्हायच्या आहेत.

पश्चिमवारा: ज्येष्ठांचं जन्मवर्ष आधार कार्डावरून घेऊ का?

खानेसुमारी: त्यावर विसंबू नका. '१ जून' दिसला की समजा, ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख आहे. वर्षही एक-दोननं मागेपुढे असतं. प्रसंग विचारा. पुण्यात पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१), साताऱ्यात कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), दोन्हीकडे बहात्तरचा दुष्काळ: तेव्हा जन्म झाला होता का, शाळेत कितवीत होतात, लग्न झालं होतं का? निदान दोन प्रसंग घ्या. उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत आणि माणूस गटाच्या सीमेवरच असेल, तर तो फॉर्म बाजूला ठेवा.