लेमूरही ‘प्रदेशनिष्ठ’ आणि प्लेगही? ‘एन्डेमिक’ला मराठीत काय म्हणावं

अनुवादिका:
दोन दिवस एकाच वाक्यापाशी अडले आहे. वन्यजीव संवर्धन आणि साथरोग असं दोन्ही एकत्र अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांचा एक लेख मराठीत आणतेय. विषय मादागास्कर. त्या वाक्यात ‘एन्डेमिक’ तीनदा आलाय. बेटावर प्लेग एन्डेमिक आहे. तो उंदरांत पसरवणाऱ्या पिसूंपैकी एक जात, सायनॉप्सिलस फोनक्वेर्निई, एन्डेमिक आहे. आणि बेटावरचे लेमूर, म्हणजे माकडांचे दूरचे नातलग, शंभराहून जास्त जाती, सगळे एन्डेमिक.

पहिल्या खर्ड्यात मी तिन्ही ठिकाणी ‘प्रदेशनिष्ठ’ लिहून मोकळी झाले. भाचीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणजे मावशी, प्लेग जगात फक्त तिथेच आहे?” तिचं काय चुकलं? लेमूर फक्त तिथेच सापडतात हे मीच तिला एक ओळ आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात प्लेग मूळचा तिथला नाहीच. १८९८ मध्ये तो जहाजातून बेटावर उतरला, १९२१ मध्ये राजधानी अंतानानारिव्होत पोचला आणि मग मधल्या डोंगराळ भागात, साधारण ८०० मीटरच्या वर, कायमचा राहिला. आज तो काँगोत आहे, पेरूत आहे. म्हणजे पिसू आणि लेमूर ‘फक्त तिथले’, तर प्लेग ‘तिथे कायम असणारा’. एकच शब्द, दोन अर्थ.

मग ‘स्थानिक प्लेग’ करून पाहिलं. तेही पटेना. कुणी दुसरा शब्द वापरता का?

रानभूल:
‘प्रदेशनिष्ठ’ला कृपा करून हात लावू नका. वनस्पतींवर लिहिणाऱ्या आम्हा लोकांची कितीतरी वर्षं ‘स्थानिक’ आणि ‘प्रदेशनिष्ठ’ यांतला फरक समजावण्यात गेली. स्थानिक म्हणजे मूळची तिथली, मग ती दुसरीकडेही असेना का. प्रदेशनिष्ठ म्हणजे तिथे आहे आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही. बाओबाब या झाडाच्या ८ जाती आहेत, त्यातल्या ६ केवळ मादागास्करच्या. त्या सहांना ‘स्थानिक’ म्हटलं की संवर्धनाचा मुद्दाच संपतो. तिथून गेली की ती जात जगातून गेली, हे वाचणाऱ्याला त्या एका शब्दातून कळायला हवं.

रोगांसाठी दुसरा शब्द शोधा. हा आमचा आहे.

पाणथरी:
रानभूल, मूळ शब्द आमचा आहे, तुमच्याकडे उसना गेलाय. ग्रीक ‘डेमोस’ म्हणजे लोक. एन-डेमोस, लोकांमध्ये असलेला. एपि-डेमोस, लोकांवर आलेला. पॅन-डेमोस, सगळ्या लोकांना व्यापणारा. झाडाझुडपांसाठी ‘एन्डेमिक’ वापरला तो स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी, १८२० मध्ये, आणि त्यांनी तो वैद्यकातूनच उचलला.

मी शिकत होतो तेव्हा आमचे प्राध्यापक ‘प्रदेशनिष्ठ रोग’ असंच म्हणायचे आणि कुणाचा घोटाळा झाला नाही. कारण वर्गात तेव्हा कुणी लेमूर आणला नव्हता. आता रोग आणि रान एकाच लेखात आले म्हणून ही अडचण उभी राहिली. अडचण खरी आहे, अनुवादिकाताई.

धातुपाठ:
‘निष्ठ’ या शब्दाकडे जरा नीट पाहावं. नि अधिक स्था. निष्ठा म्हणजे इमान हा नंतर पक्का झालेला अर्थ. मूळ अर्थ घट्ट उभं असणं, ठाम राहणं. तेव्हा ‘प्रदेशनिष्ठ’मध्ये ‘फक्त तिथेच’ हा अर्थ व्याकरणाने येतच नाही, तो वापराने चिकटला आहे. ‘स्थानिक’ही स्थाचाच. व्युत्पत्तीने दोन्ही शब्द दोन्ही अर्थांना चालतील.

वेगळा शब्द हवाच असेल तर चरकाकडे जा. विमानस्थानाचा तिसरा अध्याय ‘जनपदोद्ध्वंसनीय’. माणसांच्या प्रकृती वेगवेगळ्या असताना एकच रोग एकाच वेळी साऱ्या जनपदाचा नाश कसा करतो, असा तिथे प्रश्न आहे. उत्तर असं की वायू, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सर्वांना समान असतात, त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात. जनपद म्हणजे लोकही आणि प्रदेशही, अगदी ‘डेमोस’सारखं. म्हणून एन्डेमिक रोगाला ‘जनपदस्थ’ म्हणावं.

ओवी:
धातुपाठकाका, तो अध्याय फार सुंदर आहे, तुम्ही आठवण दिलीत याचा आनंद झाला. पण ‘जनपदस्थ प्लेग’ वाचून माझ्या आईला काय कळेल? शब्द शुद्ध असला आणि पोचलाच नाही तर काय उपयोग?

आमच्याकडे साधं बोलतात. ताप ‘मुरलाय’. दुखण्याने ‘घर केलंय’. रोग ‘ठाण मांडून बसलाय’. अनुवादिकाताई, विशेषणाचा हट्ट सोडा आणि क्रियापद घ्या: ‘प्लेग तिथे ठाण मांडून आहे.’ त्यात ‘बाहेरून आला आणि राहिला’ हेही आपोआप येतं, आणि मादागास्करमध्ये तेच तर झालं.

अनुवादिका:
ओवी, हे फारच जवळचं वाटतंय. पण रोग मुळात तिथलाच असेल तर ‘ठाण मांडून’ जमेल का? पश्चिम आफ्रिकेतला लासा ताप घ्या. तो तिथल्याच एका उंदरात असतो, कुठून येऊन बसलेला नाही.

जुनापाना:
‘बारमाही रोग’ का नको? सोपा आहे, सगळ्यांना कळतो.

पाणथरी:
बारमाही नको. मादागास्करच्या डोंगराळ भागात माणसांतला प्लेग साधारण ऑक्टोबर ते एप्रिल दिसतो, मग ओसरतो. हिवताप बऱ्याच ठिकाणी पावसामागून चढतो. तरी दोन्ही एन्डेमिकच, कारण पुढच्या वर्षी ते बाहेरून यावे लागत नाहीत.

ओवीताईंचं क्रियापद बोलायला छान, पण त्यातून पुढचे शब्द निघत नाहीत. हिवतापात एन्डेमिकच्या पायऱ्या आहेत. पूर्वी गावोगाव २ ते ९ वर्षांच्या मुलांची पोटं चाचपून पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली किती, ते मोजायचे. मूल आडवं झोपवायचं, गुडघे वर घ्यायचे, डाव्या बरगडीखाली बोटं ठेवायची आणि श्वास आत घ्यायला सांगायचं. पाणथरी वाढलेली असली तर त्या श्वासासरशी खाली येऊन बोटांना लागते. शंभरात दहापर्यंत मुलं अशी निघाली तर अल्प, अकरा ते पन्नास मध्यम, सतत पन्नासच्या वर तर अति. आता ‘अल्प ठाण मांडलेला’, ‘अति ठाण मांडलेला’ असं लिहिणार का? ‘अतिप्रदेशनिष्ठ’ लिहिता येतं.

रानभूल:
‘अतिप्रदेशनिष्ठ’ वाचून मला फक्त एका कड्यावर उगवणारं फूल आठवेल.

आणि ‘स्थानिक’ रोगांसाठी घ्यायला माझी हरकत नव्हती.

पाणथरी:
माझी आहे. एखादा देश हिवतापमुक्त ठरवताना जागतिक आरोग्य संघटना सलग ३ वर्षं स्थानिक लागण शून्य आहे का ते पाहते. स्थानिक रुग्ण म्हणजे ज्याला तिथल्याच डासाकडून लागण झाली तो, आणि बाहेरगावाहून ताप घेऊन आलेला तो आयात रुग्ण. चीनला हे प्रमाणपत्र २०२१ मध्ये मिळालं. म्हणजे ‘स्थानिक’ला आमच्याकडे आधीच एक नेमकं काम आहे.

मुद्रितशोधक:
पाणथरी, ‘मुक्त’ लिहिलंत ते योग्यच. पण मजकुरात ‘निर्मूलन’ आणि ‘दूरीकरण’ सर्रास एकमेकांच्या जागी येतात, ते मी रोज दुरुस्त करतो. निर्मूलन म्हणजे जगातून मुळासकट. ते आजवर दोनच रोगांचं झालं: देवी, १९८०, आणि गुराढोरांची बुळकांडी, २०११. एका प्रदेशापुरतं होतं ते दूरीकरण.

रानभूल:
आमच्याकडेही हीच जोडी आहे, फक्त उलट भावनेची. एका प्रदेशातून नाहीशी झालेली जात आणि जगातून नाहीशी झालेली जात. दोन्हींना लोक ‘नामशेष’ लिहितात आणि पोटात कालवतं. प्रदेशनिष्ठ जातीच्या बाबतीत मात्र दोन्ही एकच. म्हणूनच मी त्या शब्दासाठी एवढा भांडतोय.

ओवी:
‘स्थानिक’बद्दल मलाही सांगायचंय. कोविडच्या काळात एका बातमीत ‘आता हा रोग स्थानिक होणार’ असं छापून आलं. बाबांनी वाचलं आणि मुखपट्टी काढून ठेवली. म्हणाले, आता आपल्यातला झाला, भीती गेली. त्यांना वाईट बातमी चांगली बातमी म्हणून कळली. नंतर ते आजारी पडले, बरे झाले, पण ते पंधरा दिवस मी विसरलेले नाही.

पाणथरी:
हे लाखमोलाचं बोललात. २०२२ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये विषाणूंच्या उत्क्रांतीचे अभ्यासक अ‍ॅरिस कात्झूराकिस यांनी नेमकं हेच मांडलं होतं, की एन्डेमिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. एन्डेमिक म्हणजे एकूण लागणीचा दर धड वाढतही नाही, धड घटतही नाही. तो दर कितीही मोठा असू शकतो. देवीही शतकानुशतकं एन्डेमिक होती. हिवतापाने २०२३ या एका वर्षात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. यातलं सौम्य काय आहे?

म्हणून जो शब्द निवडाल त्यात ‘आपला’, ‘घरचा’ अशी ऊब नको. ओवीताई, ‘घर केलंय’ मला त्यासाठी खटकतं. ‘ठाण मांडून’ खटकत नाही, त्यात शत्रू दिसतो.

धातुपाठ:
ठाण म्हणजे ‘स्थान’च. पुन्हा स्था.

जुनापाना:
विषय निघालाच आहे तर ‘साथ’ कुठून आला? माझं मत, ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, त्यावरून. तांड्यासोबत माल येतो तसा रोगही येतो. ताईंचा प्लेग जहाजातून आला, तसाच.

मुद्रितशोधक:
सोबतीची ‘साथ’ सार्थवरून, हे मान्य. पण रोगाची ती जुन्या छापील मजकुरात ‘सांथ’ अशी, अनुस्वारासकट दिसते. ‘प्लेगची सांथ’. अनुस्वार आपण नंतर काढला म्हणून दोन शब्द एकसारखे दिसू लागले.

धातुपाठ:
संस्कृतात ‘संस्था’चा एक अर्थ शेवट, मृत्यू. ‘संस्थित’ म्हणजे मेलेला. संस्थावरून सांथ आला असावा असा माझा तर्क आहे. अनुस्वारही जागेवर बसतो.

जुनापाना:
अनुस्वार उच्चारातही येऊन चिकटतो, त्याला एवढं महत्त्व देऊ नये. तांड्यांच्या आणि जहाजांच्या वाटेने रोग गेले याला इतिहास साक्षी आहे.

धातुपाठ:
रोग कोणत्या वाटेने गेला हा इतिहास, शब्द कोणत्या वाटेने आला ही व्युत्पत्ती. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही.

खुरपावलं:
मी जनावरांच्या रोगांवर काम करते, म्हणून थोडं. प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदरांत तो कायम असतो तेव्हा आम्ही एन्डेमिक म्हणतही नाही, ‘एन्झूटिक’ म्हणतो, कारण त्यात ‘डेमोस’ नाही, प्राणी आहेत. तेव्हा ताई, तुमच्या वाक्यात प्लेग कुणात टिकून आहे ते आधी बघा. उंदरांत असेल तर सरळ ‘तिथल्या उंदरांत प्लेगचे जिवाणू टिकून आहेत’ असं लिहा. ‘टिकून’ मला आवडतो. आपोआप टिकत नाही काही, काहीतरी त्याला टिकवत असतं, हे त्यात येतं.

दुसरं, लेखात ‘वन हेल्थ’ आलं असेल तर देवनागरीत तसंच ठेवू नका. आमच्या एका पत्रकात ठेवलं होतं, तर वाचणाऱ्यांनी ‘वनांचं आरोग्य’ असा अर्थ घेतला आणि वनखात्याचं काम समजून बाजूला ठेवलं. माणसं, जनावरं आणि परिसर यांचं आरोग्य एकच, हा खरा अर्थ. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि जागतिक प्राणी आरोग्य संघटना अशा चौघांनी २०२२ मध्ये त्यावर संयुक्त कृती आराखडा काढला, तरी मराठीत त्याला धड नाव नाही.

रानभूल:
‘एकात्म आरोग्य’ म्हणता येईल.

ओवी:
‘एक आरोग्य’. एवढंच. ‘एकात्म’ने अध्यात्माचा वास येतो.

धातुपाठ:
‘एक आरोग्य’ला मराठीत अर्थ नाही. एक आरोग्य, मग दुसरं कुठलं? ‘समान आरोग्य’ पाहावं. चरकाने त्या चार गोष्टींसाठी ‘सामान्य’ हाच शब्द वापरलाय, सर्वांना सामायिक या अर्थाने.

खुरपावलं:
मग ‘सामायिक आरोग्य’च का नाही? सामायिक विहीर, सामायिक बांध, सगळ्यांना कळतं. एकाने घाण केली तर सगळ्यांना भोगावी लागते, हेही कळतं.

पाणथरी:
सामायिक म्हटलं की वाटणी आणि वाद आठवतात. पण शब्द वाईट नाही. विचार करतो.

अनुवादिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेख उद्या द्यायचा आहे, म्हणून आत्तापुरतं असं केलंय: ‘मादागास्करच्या डोंगराळ भागात प्लेग शंभराहून अधिक वर्षं टिकून आहे. तो उंदरांत पसरवणाऱ्या पिसूंपैकी एक जात प्रदेशनिष्ठ आहे, लेमूरांप्रमाणेच जगात इतरत्र कुठेही न आढळणारी.’ एकाची दोन वाक्यं झाली. भाचीला पुन्हा वाचून दाखवलं, या वेळी तिने प्लेगबद्दल काही विचारलं नाही, पण “मग त्या पिसूलाही वाचवायचं का?” असं विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रानभूल:
भाचीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. परजीवींचं संवर्धन हा खरोखर अभ्यासाचा विषय आहे, त्यावर लिहितो सवडीने.

पाणथरी:
त्यावर मलाही बोलायचं आहे, आणि विरोधात.

मुद्रितशोधक:
ताई, एक राहिलं. ‘पिसूंपैकी’ नको, ‘पिसवांपैकी’ करा. पिसू-पिसवा, ऊ-उवा, जळू-जळवा, सासू-सासवा.

जुनापाना:
आमच्या पिढीत ‘पिसवांपैकी’च म्हणायचे. पण हल्ली सगळीकडे ‘पिसूं’ छापतात, मग चूक कशी?