मदत हवी आहे : वीराचा झिजलेला टाक डागायचा (झाळून सांधायचा) की नवा घडवायचा?

नाशिकला धुळवडीला वीर नाचवतात, त्याआधी निर्णय हवा आहे. आमच्या देवघरातला वीराचा, म्हणजे लढाईत पडलेल्या पूर्वजाचा, टाक (उठावाची प्रतिमा असलेला छोटा धातूचा पत्रा) वडिलांकडून मुलाकडे येत चौथ्या पिढीत आलाय. साधारण दोन इंच उंच. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ पत्रा कडेने दुमडून बसवलेला. चिंच आणि राखेने घासून घासून घोडेस्वाराचा चेहरा सपाट झालाय, खालची कड फाटलीय. (आता फक्त पाणी आणि मऊ कापड.)

दोन सोनारांना दाखवला. एक म्हणाला, डाग देताना एवढा पातळ पत्रा वितळेल. दुसऱ्याकडे ठसा (पत्र्यावर प्रतिमा उठवायचा साचा) फक्त खंडोबाचा आहे. वीराला तो चालणार नाही. खंडित टाक पूजेत ठेवू नये हे ठाऊक आहे, पण वडिलांना आजोबांनी पुजलेलाच टाक हवा. खर्चाची अडचण नाही. भाऊ दोघे, देव वाटून घेतलेले नाहीत.

जुनं तांबं तसंच ठेवून त्यावर नवा चांदीचा पत्रा चढवता येतो का? जुनी चांदी नव्यात मिसळली तर टाक तोच मानतात का, की पुन्हा प्राणप्रतिष्ठा लागते? आणि हाताने ठोकून वीर घडवणारा कारागीर नाशिक किंवा जेजुरीकडे कुणाच्या माहितीत आहे का?